सरकणारे दात आणि झिजणारी मुळं

भिंतीत खिळा ठोकावा तसा दात जबड्यात ठोकलेला असतो, असं बहुतेकांना वाटतं. पण तसं असतं तर दातांना तार लावून काहीच उपयोग झाला नसता. टायटॅनियमचं इम्प्लांट हाडाला थेट चिकटतं, आणि म्हणूनच त्याला तारेने कितीही ओढा, ते जागचं हलत नाही. आपला खरा दात मात्र हाडाला चिकटलेला नसतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीत हजारो बारीक तंतू, रक्तवाहिन्या आणि पेशी ठासून भरलेल्या असतात. वर्कशॉपमधल्या फीलर गेजची ०.२ची पट्टी आठवा, तेवढीच जागा! दात म्हणजे या तंतूंच्या झोळीत टांगलेली वस्तू. दात सरकण्याची सगळी गंमत आणि सगळा धोका याच फटीत आहे.

हा विषय एका मेकॅनिकलवाल्याने का लिहावा? कारण गेली चौदा महिने माझ्या तोंडात तार आहे, आणि आपल्या हॉस्टेलमध्ये मी एकटा नाही. आमच्याच विंगमध्ये चौघे आहेत. शिवाय हल्ली 'छोटी सर्जरी करा, निम्म्या वेळात मोकळे व्हा' असं सांगणारे भेटतात. प्लेसमेंट झालेल्या, जॉइनिंगची तारीख डोक्यावर असलेल्या माणसाला हे ऐकायला फार गोड लागतं. मलाही लागलं. म्हणून लायब्ररीत बसून जे वाचलं, ते इथे मांडतो आहे. मी डॉक्टर नाही. तेव्हा हे वाचून कुणी स्वतःच्या तारेला पक्कड लावू नये.

आधी साधी गोष्ट. दाताला एका बाजूने हलकासा जोर दिला, की पुढच्या बाजूची फट दाबली जाते आणि मागची ताणली जाते. दाबलेल्या बाजूला ऑस्टिओक्लास्ट नावाच्या हाड खाणाऱ्या पेशी जमतात आणि दातासमोरचं हाड खातात. ताणलेल्या बाजूला ऑस्टिओब्लास्ट नवीन हाड रचतात. म्हणजे दात हाडातून नांगरासारखा जात नाही. समोरची भिंत पाडत आणि मागे नवी बांधत अख्खी खोलीच पुढे सरकते. वेग साधारण महिन्याला १ मिलिमीटर. उपदाढ काढून झालेली ७ मिलिमीटरची जागा बंद करायची म्हटलं, की सात-आठ महिने तिथेच गेले. त्याच्या आधी दात सरळ रेषेत आणायचे, नंतर बारीकसारीक दुरुस्त्या, असं करत दीड-दोन वर्षं सहज जातात.

मग जोर वाढवला तर? हा प्रश्न प्रत्येक इंजिनिअरला पडतोच. (आमच्या रूमवर पहिल्याच दिवशी पडला होता. रूममेट म्हणाला, "अरे, टॉर्क रेंचने टाइट करून घे की एकदाच!") याचं उत्तर फार जुनं आहे. कार्ल सँडस्टेड यांनी १९०४-०५च्या सुमारास कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग केले. त्यांना दिसलं, की जोर जास्त झाला तर दाबलेल्या बाजूच्या फटीतल्या पेशी मरतात आणि तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखा, निर्जीव दिसतो. १९३२ मध्ये मार्टिन श्वार्ट्झ यांनी मांडलं, की दाब केशवाहिन्यांतल्या रक्तदाबाच्या पुढे जाऊ नये, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० ते २६ ग्रॅम. (डेंटिस्ट मंडळी फोर्स ग्रॅममध्येच मोजतात. आपल्याकडे व्हायवात असं म्हटलं तर बाहेर काढतील.) त्यापेक्षा जास्त दाबलं की रक्त पोचत नाही, तिथल्या पेशी मरतात, आणि हाड खाणाऱ्या पेशी तिथे तयारच होत नाहीत. मग त्या लांबून, हाडाच्या आतल्या पोकळ्यांतून, मागून पोखरत येतात. दोन-तीन आठवडे दात ढिम्म हलत नाही. म्हणजे जोर वाढवून वेळ वाचला नाहीच, उलट ट्रॅफिक जॅम झाला.

आता मुळाकडे येऊ. दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचा हाडासारखाच एक पातळ थर असतो. हाड खाणाऱ्या पेशी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत, कारण त्याच्यावर संरक्षक पेशींचं अस्तर असतं. पण तो काचेसारखा झालेला मेलेला भाग साफ करायला जेव्हा सफाई कामगार पेशी येतात, तेव्हा त्या साफसफाईत ते अस्तर निघतं आणि शेजारचं मूळही खरवडलं जातं. मुळावर बारीक खड्डे पडतात. जोर थांबला की यातले बहुतेक खड्डे नव्या सिमेंटमने बुजतात. आपल्या हॉस्टेलसमोरच्या रस्त्यापेक्षा ही व्यवस्था कितीतरी चांगली! पण मुळाच्या टोकाशी खड्डे एकमेकांना मिळाले आणि टोकच झिजून गेलं, तर गेलेली लांबी परत येत नाही.

हेही काल-परवा कळलेलं नाही. अल्बर्ट केचम यांनी १९२७ मध्येच एक्स-रेच्या आधारे तार लावलेल्या रुग्णांची मुळं आखूड झाल्याचं दाखवलं होतं. आज माहीत आहे, की थोडीफार झीज बहुतेकांची होते. बहुधा ती १-२ मिलिमीटरच्या आत असते आणि पेशंटला पत्ताही लागत नाही. गंभीर झीज, म्हणजे ४ मिलिमीटरहून जास्त किंवा मुळाचा एक तृतीयांश भाग जाणं, साधारण १ ते ५ टक्के दातांत दिसते. सगळ्यात जास्त मार खातात ते वरचे पटाशीचे दात. तेच फोटोत दिसतात, हे आणखी एक दुःख.

टोकालाच का? इथे आपला एसओएम कामी येतो. दाताला तोंडाच्या बाजूने ढकललं की तो नुसता सरकत नाही, कलतो. जमिनीत गाडलेल्या खांबाला वरून ढकला: जमिनीजवळ एका बाजूला आणि तळाशी उलट बाजूला दाब सगळ्यात जास्त येतो. दाताचंही तसंच. त्यात मूळ शंकूसारखं निमुळतं, म्हणजे टोकाशी क्षेत्रफळ कमी आणि स्ट्रेस जास्त. दात वर हाडात दाबायचा असेल किंवा मुळाचं टोक आत वळवायचं असेल, तर सगळा भार त्या टोकावरच. अशा हालचालींत झीज जास्त का, हे फ्री बॉडी डायग्राम काढली की लगेच कळतं.

त्याच निमुळत्या आकाराचा एक फायदाही आहे. टोकाचे २-३ मिलिमीटर गेले तरी मुळाच्या एकूण पृष्ठभागातला तुलनेने छोटा भागच जातो. पकड मुख्यतः वरच्या रुंद भागाची असते. म्हणून हिरडीच्या रोगाने वरचं १ मिलिमीटर हाड जाणं हे टोकाचं १ मिलिमीटर जाण्यापेक्षा महाग पडतं. तार काढली की ही झीज बहुधा थांबते, आणि आखूड मुळांचे दातही वर्षानुवर्षं टिकतात. घाबरवण्यासाठी लिहीत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

जोर आणि झीज यांचा संबंध नेमका किती? ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात अली दारेंदेलिलर यांच्या गटाने यावर फार सुंदर प्रयोग केले. मला तर यातली एक्सपेरिमेंटल डिझाइनच जास्त आवडली. काही पेशंटच्या दोन्ही बाजूंच्या उपदाढा उपचारासाठी तशाही काढायच्याच असतात. मग काढण्याआधी चार आठवडे त्या दातांना ठरावीक जोर द्यायचा, नंतर दात काढायचे आणि मायक्रो-सीटीमध्ये घालून मुळावरच्या खड्ड्यांचं घनफळ मोजायचं. तोंड एकच, माणूस एकच, दोन बाजूंना दोन परिस्थिती. दुसरा कंट्रोल शोधायलाच नको! २००५ मध्ये त्यांनी २५ ग्रॅम आणि २२५ ग्रॅम जोराची तुलना केली. जास्त जोराच्या दातांवर खड्डे तिपटीहून अधिक भरले. 'टॉर्क रेंचने टाइट कर' याला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

जाता जाता तारेबद्दल. गोल तारेचा व्यास निम्मा केला की तिचा कडकपणा सोळाव्या हिश्शावर येतो, व्यासाचा चौथा घात. म्हणून सुरुवातीला बारीक तार लावतात. त्याहून भारी म्हणजे निकेल-टायटॅनियम. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी शोधलेला हा मिश्रधातू १९७१ च्या सुमारास जॉर्ज अँड्रिअसन यांनी दातांसाठी आणला. पुढे आलेल्या सुपरइलॅस्टिक तारांचा स्ट्रेस-स्ट्रेन ग्राफ मध्ये चक्क सपाट आहे. तार किती वाकली आहे याचा फारसा फरक न पडता जोर जवळपास सारखाच आणि हलका राहतो. मेटलर्जीच्या लेक्चरला झोपणाऱ्यांनी नोंद घ्यावी, ती फेज ट्रान्सफॉर्मेशन आमच्या तोंडात चालू असते.

असो. तार कितीही हुशार असली तरी वेग शेवटी पेशी ठरवतात. मग पेशींनाच घाई करायला लावता येईल का? इथून सर्जरीची गोष्ट सुरू होते.

१९५९ मध्ये हाइनरिश क्योले यांनी मांडलं, की दाताला अडवतं ते जबड्याचं बाहेरचं घट्ट हाड. आतलं जाळीदार हाड मऊ असतं. तेव्हा बाहेरच्या घट्ट थराला दातांच्या मधोमध चिरा द्यायच्या, म्हणजे दात आपल्याभोवतीच्या हाडाच्या ठोकळ्यासकट सरकेल. याला कॉर्टिकॉटॉमी म्हणतात. विचार अगदी आपल्यासारखा: रेझिस्टन्स कुठे आहे ते शोधा आणि तिथे कट मारा. दात भराभर सरकायचेही. चाळीस वर्षं सगळ्यांना हेच स्पष्टीकरण पटलेलं होतं.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या विल्को बंधूंनी (एक ऑर्थोडॉन्टिस्ट, दुसरा हिरड्यांचा डॉक्टर) अशा पेशंटचे सीटी स्कॅन नीट पाहिले, तर हाडाचा ठोकळा वगैरे काही सरकलेला नव्हताच. चिरा दिलेल्या भागातल्या हाडातले क्षार तात्पुरते कमी झाले होते आणि नंतर पुन्हा भरले होते. म्हणजे कारण मेकॅनिकल नव्हतं, बायॉलॉजिकल होतं. हाडांचे अभ्यासक हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी १९८३ मध्येच ही घटना वर्णन केली होती: हाडाला इजा झाली की फक्त त्या जागीच नव्हे, तर आसपासच्या सगळ्या भागात मोडणं-बांधणं काही काळ जोरात चालतं. हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर एका रूममधला पाइप फुटून जिन्यात पाणी आलं, की रेक्टर सर प्लंबर बोलावतात, आणि त्या गडबडीत सहा महिने तक्रार केलेले विंगमधले बाकीचे नळही दुरुस्त होतात. सर्जरी म्हणजे मुद्दाम फोडलेला पाइप!

पण प्लंबर कायम राहत नाही. २००८ मध्ये उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात तिसऱ्या आठवड्यात हाड खाणाऱ्या पेशी तिप्पट झालेल्या दिसल्या, आणि अकराव्या आठवड्यापर्यंत सगळं पूर्ववत. माणसात ही खिडकी साधारण तीन-चार महिन्यांची धरतात. म्हणून सर्जरीनंतर दर दोन आठवड्यांनी डॉक्टरकडे जाऊन तार सेट करून घ्यावी लागते. सर्जरी करून घेतली आणि मग परीक्षेमुळे दोन महिने फिरकलोच नाही, तर खिडकी बंद आणि पैसे पाण्यात.

सुरुवातीच्या पद्धतीत हिरडी उघडून चिरा द्याव्या लागत. कोण तयार होणार? मग सौम्य प्रकार आले. २००९ मध्ये सर्ज दिबार यांनी पिएझोसिजन आणलं. हिरडीला छोटी चीर देऊन अल्ट्रासॉनिक पात्याने हाडाला सुमारे ३ मिलिमीटर खोल चिरा द्यायच्या. पातं २५-३० किलोहर्ट्झला थरथरतं, त्यामुळे हाड कापतं पण मऊ भागाला सहसा इजा करत नाही. त्याहून सोपा प्रकार म्हणजे हिरडीतून हाडाला नुसती बारीक भोकं पाडायची, मायक्रो-ऑस्टिओपर्फोरेशन. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने अशी तीन भोकं पाडून सुळा २८ दिवसांत २.३ पट वेगाने सरकल्याचं छापलं, आणि सगळीकडे धूम झाली.

नंतर मात्र चित्र तितकं चकचकीत राहिलं नाही. २०१८ मध्ये जॉर्डनमध्ये याच तीन भोकांची तुलना दुसऱ्या बाजूच्या सुळ्याशी केली, तर तीन महिन्यांत फरकच सापडला नाही. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात सर्जरीच्या सगळ्या प्रकारांचे निकषात बसणारे अभ्यास निघाले फक्त चार, आणि त्यांतले पेशंट मिळून ५७. आपल्या वर्गात यापेक्षा जास्त पोरं आहेत. थोडा वेग वाढत असावा, पण पुरावा कच्चा, असा त्यांचा सूर होता.

आणि मुळांचं काय? इथे दोन तर्क समोरासमोर येतात, आणि दोन्ही ऐकायला बरोबर वाटतात. पहिला: सर्जरीने हाड मऊ होतं, म्हणून दाबाखाली पेशी कमी मरतात, काचेसारखा भाग कमी तयार होतो, म्हणजे मूळही कमी झिजायला हवं. शिवाय तार कमी महिने राहते. दुसरा: आपण मुद्दाम हाड खाणाऱ्या पेशींची फौज मुळापासून एक-दोन मिलिमीटरवर बोलावतोय. भूक लागलेली पोरं मेसमध्ये सोडली, तर ती फक्त त्यांच्याच ताटातलं खातील याची गॅरंटी काय?

सिडनीच्या गटाने २०१७ मध्ये पुन्हा तोच प्रयोग लावला. १४ पेशंट, दोन्ही बाजूंच्या उपदाढांवर गालाच्या दिशेने १५० ग्रॅम जोर, एकाच बाजूला पिएझोसिजन, चार आठवड्यांनी दात बाहेर आणि मायक्रो-सीटी. सर्जरीच्या बाजूला खड्ड्यांचं घनफळ सरासरी ४४ टक्के जास्त निघालं. मला जास्त खटकली ती दुसरी गोष्ट: १४ पैकी ५ जणांच्या मुळावर त्या पात्याच्याच खुणा होत्या. प्रशिक्षित हातांनी, प्रयोग म्हणून काळजीपूर्वक केलेलं हे काम. दोन मुळांमधली जागा किती अरुंद असते, हे स्वतःचा ओपीजी समोर धरला की कळतं. २०१८ मध्ये भोकांच्या पद्धतीवर २० जणांचा तसाच प्रयोग झाला. तिथे झीज ४२ टक्के जास्त, साधारण ०.४ ऐवजी ०.६ घन मिलिमीटर.

टक्केवारी मोठी दिसते, म्हणून जरा थांबून हिशोब करा. फरक ०.२ घन मिलिमीटरचा, म्हणजे ०.६ मिलिमीटर बाजू असलेल्या ठोकळ्याएवढा. यातला बराचसा नंतर बुजतोही. हे चार आठवड्यांचे, एकाच प्रकारच्या जोराचे प्रयोग आहेत. पूर्ण उपचारानंतर मुळाची लांबी मोजणाऱ्या अभ्यासांत सर्जरीवाल्यांची मुळं फार आखूड झाली, असं काही दिसत नाही. पण ती झीज कमी होते, हा पहिला तर्क मात्र या प्रयोगांनी तरी उचलून धरलेला नाही. धडधाकट मुळांच्या माणसाला हा फरक पेलवेल. प्रश्न ज्याची मुळं आधीच झिजायला लागली आहेत त्याचा आहे.

आणि तो म्हणजे मी. नवव्या महिन्यातल्या एक्स-रेत माझ्या वरच्या पटाशीच्या शेजारच्या दाताचं टोक बोथट दिसलं, सुमारे २ मिलिमीटर गेलेलं. मॅडमनी तार बदलून अगदी निष्क्रिय, जोर न देणारी तार घातली आणि म्हणाल्या, "आता तीन महिने काही करायचं नाही. खड्डे भरू देत." मधल्या काळात जॉइनिंगची तारीख आली. दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये चौकशी केली, तर तिथे पहिल्याच भेटीत सर्जरी सुचवली गेली. मुळाबद्दल मी विचारल्यावर उत्तर आलं, "तसं काही होत नाही." मी फोटोकॉपी केलेले दोन पेपर घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी ते शांतपणे चाळले आणि म्हणाल्या, "हे बघ, मी सर्जरीच्या विरोधात नाही. हाड पातळ असेल आणि हाडाची भर घालायची असेल, किंवा मोठ्या माणसाचा टाळू रुंद करायचा असेल, तर मीच सुचवते. पण तुझ्या त्या दाताजवळ आत्ता कुणी पातं नेऊ नये." मी सर्जरी केली नाही. तीन महिन्यांनंतरच्या एक्स-रेत झीज पुढे गेलेली नव्हती. आता हलकी तार आहे, आणि जॉइनिंगनंतर बंगलोरमध्ये दुसऱ्या डॉक्टरकडे पुढचं काम.

ज्यांना तार लावायची आहे किंवा लावलेली आहे, त्यांनी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. सुरुवातीचा ओपीजी काढलाय का, आणि सहा ते नऊ महिन्यांनी पुढच्या दातांचा पुन्हा एक्स-रे होणार आहे का? पुढच्या दातांना पूर्वी क्रिकेटचा बॉल वगैरे लागला असेल तर आपणहून सांगा, अशा दातांना धोका जास्त असतो. मुळाचं टोक पिपेटसारखं बारीक किंवा वाकडं असेल तरी तेच. कुणी सर्जरी सुचवली, तर पातं किंवा भोक कुठल्या दोन मुळांच्या मधून जाणार आणि तिथे किती जागा आहे, ते एक्स-रेवर दाखवायला सांगा. तिच्यामुळे नेमके किती महिने वाचणार, तेही विचारा.

आणि फायनल इयरवाल्यांनो, गाव सोडायच्या आधी फाइल ताब्यात घ्या: सुरुवातीचा एक्स-रे, मधले एक्स-रे, प्लास्टरचे साचे किंवा स्कॅन, आणि सध्या तोंडात कुठल्या मापाची तार आहे त्याची चिठ्ठी. नव्या डॉक्टरला मूळ आधी किती लांब होतं हे त्या पहिल्या एक्स-रेशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही. माझ्या फाइलमध्ये सगळं आहे, फक्त साचे ट्रंकेत कुठे ठेवायचे ते ठरायचंय. रूममेटने त्यांचा पेपरवेट केलाय.